मोती कुठे गेले?

गाड्या अजून माणसांच्या हातांनी धुतल्या जात, त्या काळची ही गोष्ट. सुगंधाताईंच्या वॉशिंग सेंटरात मातीची एक वडी होती, मऊ, चिकट आणि भारी चौकस. गाडीच्या रंगात रुतलेले बारीक कण उचलायचे, हे तिचं काम.

एकदा एक निळी गाडी आली. ताईंनी बॉनेटवर पाणी मारलं, तर त्याचे टपोरे मोती होऊन घरंगळत गेले. वडी बघतच राहिली. मग ताईंनी साबणपाणी शिंपडून तिला बॉनेटभर फिरवलं. तिनं एक कण सोडला नाही. पत्रा काचेसारखा गुळगुळीत झाला.

ताईंनी पुन्हा पाणी मारलं. आता ते पत्र्यावर नुसतंच पसरलं.

"डबेदादा, मोती कुठे गेले हो?" वडीनं फळीवरच्या मेणाच्या डब्याला विचारलं.

"मागं मी या गाडीला मेणाचा पातळ थर दिला होता. मोती तोच करायचा. ऊन, पाखरांची घाण, सगळं तोच अंगावर घ्यायचा."

"मला तर तो दिसलाच नाही."

"कुणालाच दिसत नाही."

ताईंनी वडी मळायला घेतली. अंगात रुतलेल्या काळ्या ठिपक्यांतून तिला मेणाचा ओळखीचा वास आला. म्हणजे कणांबरोबर तो थरही तिनंच उचलला होता.

"हा परत लावता येईल?"

"तो नाही. नवा द्यावा लागेल," म्हणत डबा फळीवरून उतरला. तळाशी बोटभर मेण होतं, ते त्या दिवशी जेमतेम पुरलं.

तेव्हापासून गाडी आली की वडी आधी फळीकडे बघून विचारायची, "दादा, मेण आहे ना?" मगच ती पत्र्याला हात लावायची.