सावलाईचा कौल

पुष्कळ पुष्कळ वर्षांपूर्वी, पक्षी माणसांशी बोलत आणि माणसं थांबून ऐकत, तेव्हाची ही गोष्ट.

एका डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावाच्या वरच्या अंगाला दाट देवराई होती. तिथे सावलाई देवीचं ठाणं होतं. देऊळ नाही, कळस नाही. एका जुन्या बेहड्याच्या बुंध्याशी फक्त एक काळी, गुळगुळीत शिळा. जवळच एक झरा होता. उन्हाळ्यात सगळे ओढे आटले तरी तो वाहत असे, आणि सगळं गाव त्याच्या पाण्यावर जगत असे.

पाणी तेवढं सावलाई आपण होऊन देते, बाकी राईतलं काही न्यायचं नाही, असा गावाचा नेम होता. फांदी तर सोडाच, वाळकं पानही कुणी चुलीत घालत नसे. पान सावलाईचं, ते तिच्यापाशीच राहू दे, असं सगळे म्हणत.

राईच्या कडेने हद्दीचे दगड मांडलेले होते. दगडांबाहेर एक रुंद वाट होती, आणि वाटेपलीकडे गवताचा डोंगर. त्या डोंगराची पलीकडची बाजू शेजारच्या गावाची.

आता पानांना काही दगड दिसत नाहीत. वाऱ्यासरशी ती वाटेवर येऊन पडत. तीही सावलाईचीच, म्हणून त्यांना कुणी हात लावत नसे. असं होता होता वाट पानांनी पार भरून गेली. मुलं तिच्यात गुडघ्यापर्यंत बुडायची आणि आनंदाने किंचाळायची. तिच्यावरून कधी गाड्या जात, हेच मोठी माणसं विसरून गेली.

त्या गावात येसू नावाची एक सून होती. ती फार हळू बोलायची. इतकी हळू, की तिने मीठ मागितलं तर ताटात भाकरी पडायची, आणि ती गुपचूप भाकरी खायची. तिची सासू तुळसाबाई मात्र एकदा हाक मारायची आणि डोंगरावरची गुरं मान वर करायची.

"बरं झालं देवानं आमची जोडी लावली," तुळसाबाई म्हणायची. "हिच्या वाटणीचं बोलणं माझ्याकडे आलंय. मला तरी कुठं पुरतंय!"

येसू रोज सकाळी झऱ्यावर पाण्याला जाई. बेहड्याच्या खोडात उंचावर एक ढोली होती. ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून घेतलेलं होतं, मधे फक्त एक उभी फट. एक मोठा धनेश पक्षी पंखांचा सूंसूं आवाज करत येई आणि त्या फटीतून उंबराचं फळ आत देई. आतून एक चोच हलकेच पुढे होई, फळ घेई आणि दिसेनाशी होई.

येसू रोज घागर भरेपर्यंत बघत राही. एका सकाळी धनेशच म्हणाला, "रोज बघतेस, बोलत नाहीस. पाहुण्यांच्या घरी असं करतात का?"

येसू हसली. "आत कोण आहे?"

"माझी घरधनीण. अंडी घातली आणि स्वतःला आतून कोंडून घेतलं. आता पिल्लं झाली आहेत. पिल्लं थोडी मोठी होईपर्यंत ती बाहेर येणार नाही."

"आणि मधेच यावं लागलं तर?"

धनेशने ढोलीच्या फटीकडे पाहिलं. तो म्हणाला, "तिची उडायची पिसं गळून गेली आहेत. नवी यायची आहेत. तिला बाहेर येता येणार नाही."

त्या दिवशी घागर डोक्यावर घेऊन येसू राईबाहेर आली, तर समोरच्या डोंगरामागे धुराची एक बारीक रेघ दिसली. शेजारचं गाव दर उन्हाळ्यात आपल्या बाजूचं गवत पेटवत असे. गवत जाळलं की नवं गवत जोमाने येतं, असं त्यांना वाटे. दरवर्षीचाच धूर. येसूनेही तो दरवर्षी पाहिला होता.

पण या वेळी तिचे पाय थांबले. आवाज म्हणावा तर आवाज नव्हता. कुणीतरी तिची हनुवटी धरून तोंड मागे वळवावं, तसं वाटलं. तिने वळून पाहिलं. पायाखाली वाळकी पानं. पुढे वाळकं गवत. मागे ढोली.

ती घरी गेली आणि सासूच्या कानाला लागली. तुळसाबाईने ऐकून घेतलं, पदर खोचला आणि पारावर जाऊन उभी राहिली.

"ऐका हो! माझी सून म्हणतेय, वाट झाडायला हवी! पलीकडचा वणवा इकडे आला तर पानांवरून थेट राईत शिरेल!"

पारावरची माणसं हसली. शिरपा गावडा म्हणाला, "वहिनी, त्यांचा डोंगर, त्यांचा वणवा. इकडे कशाला येतोय? आणि आला तर सावलाई काय झोपलीय?"

"पानं देवीची आहेत," दुसरा म्हणाला. "झाडणार कशी?"

"मग देवीलाच विचारा!" तुळसाबाई गरजली.

हे मात्र सगळ्यांना पटलं. त्या गावात काहीही करायचं तर आधी कौल लावत. गुरव शिळेला पाणी लावून तिच्या उजव्या आणि डाव्या अंगाला फुलाची एकेक पाकळी चिकटवी. आधी उजवी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. लग्न असो, पेरणी असो, नाहीतर म्हशीला नवं दावं असो, कौलाशिवाय गावाचं पान हलत नसे.

गुरवकाकांनी पाकळ्या लावल्या. "आई सावलाई, वाट झाडावी का?" असं विचारून ते हात जोडून बसले. गाव मागे बसलं.

पाकळी पडेना. ना उजवी, ना डावी.

ऊन वर चढलं. लहान मुलं पेंगली. शिरपा म्हणाला, "काका, चिकटवायला पाणी लावलंत की खळ?"

"गप रे! आई विचार करतेय."

"करू दे. पण जेवून आलो तर चालेल का, तेवढं विचारा."

सगळे हसले. गुरवकाकाही मिशीत हसले. तेवढ्यात वरून काहीतरी तरंगत आलं आणि त्यांच्या टकलावर अलगद उतरलं. ती गवताची जळकी काडी होती, पात्याचा आकार अजून जसाच्या तसा असलेली. त्यांनी बोट लावलं आणि तिची काळी पूड झाली.

हसणं थांबलं. वारा फिरला होता.

येसू उठली. तिने डोक्यावरचा पदर सावरला. ती बोलली, आणि गाव इतकं गप्प होतं की पहिल्यांदाच तिचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचला.

"गुरवकाका, दरवेळी आपण विचारतो आणि सावलाई सांगते. आज तीच आपल्याला विचारत असली तर? मग कौल कुणी द्यायचा?"

गुरवकाकांनी शिळेकडे पाहिलं. पाकळ्या तशाच होत्या.

"आणि पानं आपल्याला न्यायची नाहीतच," येसू म्हणाली. "ती तिची आहेत. तिला परत द्यायची. टोपल्या भरून झऱ्याकाठच्या ओल्या खळग्यात नेऊन टाकायची."

एवढं बोलून तिला इतकी लाज वाटली, की ती मागे न पाहता वाटेकडे धावली आणि हातांनीच पानं ओढू लागली.

तुळसाबाई घरी पळाली आणि नवी कोरी केरसुणी घेऊन आली.

"अहो, ती लक्ष्मी म्हणून पूजेला ठेवली होती ना?" शेजारीण ओरडली.

"मग काय झालं? लक्ष्मीनं सावलाईचं अंगण झाडलं तर तिची झीज होते का? तूही आण तुझी!"

मग काय विचारता! केरसुण्या आल्या, खराटे आले, टोपल्या आल्या. पाटलीणबाई सूप घेऊन आल्या, कारण घाईत तेच हाती लागलं. शिरपा गावडा सगळ्यांत उशिरा उठला आणि सगळ्यांत मोठी टोपली घेऊन आला. मुलांना तर हा जत्रेसारखा दिवस वाटला. पानांच्या टोपल्या घेऊन ती राईत धावत, खळग्यात रिकाम्या करत आणि ओरडत, "घे गं सावलाई, तुझी पानं घे!"

गुरवकाका तेवढे शिळेपाशी अडकले होते. पाकळ्या लागल्या असताना गुरवाने उठायचं नसतं. ते तिथूनच ओरडत राहिले, "नीट झाडा रे! कोपरे सोडू नका!"

पानांखालून हळूहळू लाल माती दिसू लागली. म्हाताऱ्यांना आठवलं, हीच ती वाट. लहानपणी ते इथून बैलगाडीत बसून गेले होते.

शेवटची टोपली भरत होती, तेव्हा डोंगराच्या माथ्यावर ज्वाळा दिसल्या. वाळकं गवत तडतड फुटत होतं. आग उतारावरून त्यांच्याच दिशेने येत होती. पलीकडच्या गावाचे लोक हातात ओल्या फांद्या घेऊन तिच्या मागे धावत होते. तोंडं काळी, डोळे लाल.

"आम्हाला आवरली नाही!" त्यांच्यातला एक जण दुरून ओरडला. "आम्ही आमच्या बाजूपुरतीच लावली होती!"

"मग हे काय तुमच्या बाजूचं?" शिरपाने आवाज चढवला. पण तुळसाबाईने त्याच्या हातात भिजवलेलं घोंगडं कोंबलं. "भांडण उद्या. आज झोडप."

धूर दाटला. धनेश बेहड्यावर येऊन बसला. तो उडून जाऊ शकत होता, पण गेला नाही. ढोलीच्या फटीला पाठ लावून, पंख पसरून तो बसून राहिला. येसूने ते पाहिलं. ती ओलं घोंगडं घेऊन वाटेवर उभी राहिली.

आग वाटेपर्यंत आली. तिने लाल मातीवर जीभ टाकली. तिथे खायला काहीच नव्हतं. काही ठिणग्या उडून अलीकडे आल्या. हद्दीच्या दगडांपाशी करवंदीची एक जाळी पेटली. येसू धावली, सासू धावली, शिरपा धावला. पलीकडच्या गावाची माणसंही वाटेवर आली. कोण कुठल्या गावचं, हे काजळीने कळेनासं झालं होतं. घोंगड्या आपटल्या, फांद्या आपटल्या, घागरी रिकाम्या झाल्या. करवंदीची ती जाळी गेली. तुळसाबाईच्या केरसुणीची मूठ तेवढी उरली. बाकी राई तशीच हिरवी उभी होती.

हळूहळू धूर विरला. धनेश उडाला. तो बराच वेळ आला नाही, आणि येसूची मान वर करून करून दुखायला लागली. मग पंखांचा सूंसूं आवाज आला. त्याच्या चोचीत उंबर होतं. त्याने फटीवर टकटक केलं.

काहीच हललं नाही.

त्याने पुन्हा टकटक केलं. आणि आतून चोच आली, फळ घेतलं, आणि पाठोपाठ पिल्लांचा असा काही कलकलाट उठला, की खाली उभी दोन्ही गावं हसायला लागली.

"पोरं भुकेजली वाटतं," तुळसाबाई म्हणाली. "माझ्यासारखी!"

एवढ्यात राईतून हाक आली. "पडली! पडली! उजवी पडली!"

गुरवकाका धोतर सावरत धावत आले. तळहातावर पाकळी होती. "आईनं होकार दिला! वाट झाडा म्हणते!"

क्षणभर सगळे एकमेकांच्या काळ्या तोंडांकडे बघत राहिले. मग शिरपा खाली बसून पोट धरून हसला. दोन्ही गावं हसली. गुरवकाकांनी झाडलेली वाट पाहिली, हातातली पाकळी पाहिली, आणि शेवटी तेही हसले. त्यांनी ती पाकळी येसूच्या हातावर ठेवली.

"घे, सूनबाई. हा तुझा कौल. आईनं आधी तुझ्याकडे पाठवला होता."

येसू काहीतरी म्हणाली.

"काय म्हणाली?" सगळ्यांनी विचारलं.

तुळसाबाईने कान पुढे केला आणि मग मोठ्याने सांगितलं, "म्हणतेय, पाहुण्यांना पाणी द्या!"

त्या वर्षापासून उन्हाळा लागला की दोन्ही गावं मिळून ती वाट झाडतात. पानं झऱ्याकाठी परत देतात, आणि वाटेवरच बसून भाकरी खातात. पलीकडचं गाव आता कळवल्याशिवाय गवत पेटवत नाही. वाट झाडायला मात्र कौल लावत नाहीत. आणि गावात काही नवं ठरत असलं की कुणी ना कुणी म्हणतं, "थांबा, येसू काहीतरी बोलतेय," आणि सगळे गप्प होतात.

बोध इतकाच: कुणाला तरी वाचवायला हवं, असं मन आतून सांगत असेल तर परवानगीची वाट पाहू नये, देवाचा होकार कामाच्या मागून येतो.