बेनारिहाच्या पाटाची हाक

स्पेनच्या दक्षिणेला, अंदालुसियाच्या डोंगरात बेनारिहा नावाचं गाव आहे. गावाला वेढून जाणारा दगडी पाट मूर लोकांनी, म्हणजे इथल्या अरबी बोलणाऱ्या मुसलमानांनी बांधला. त्या पाटाची ही गोष्ट गावातले म्हातारे मातेओ पाहुण्यांना सांगतात.

राजाचा हुकूम निघाला आणि मुरांना गाव सोडावं लागलं. जाताना काहींनी रागाने झऱ्याचं तोंड दगडमातीने बुजवलं. लुबना नावाची बाई तेवढी मागे राहिली. आजारी आईला इतक्या दूर नेणं शक्य नव्हतं. दोघी वर गुहेत लपल्या. तिथेच आई गेली, असं सांगतात.

पुढे उत्तरेकडून नवी कुटुंबं आली. पाट कोरडा पडलेला. लुबनाच्या वडिलांनी लावलेली डाळिंबं वाळू लागली. एके दिवशी इनेस नावाची तरुणी पाठीशी तान्हं बांधून वर आली आणि कोरड्या पाटात हातांनी माती उकरू लागली. तिची बोटं सोलवटलेली पाहून लुबनाला लपून राहवेना.

"तिथे नको खणूस, बाई. वर ये."

इनेस दचकली, पण गेली. दोघींनी मिळून झऱ्याच्या तोंडावरचे दगड हलवले. पाणी उसळलं, तशी लुबनाच्या तोंडून जुनी हाक निघाली, "अल्‌मा!" अरबीत अल्‌मा म्हणजे पाणी. आणि अरबी बोलायला तर बंदी होती.

खालच्या वाटेवरचे शिपाई धावत वर आले. "कोण ओरडलं? कुठली भाषा ती?"

इनेसने लुबनाचा हात घट्ट धरला.

"आपलीच की! 'आल्मा' म्हणाली ती. आत्मा! पाण्याविना जीव जात होता, तो परत आला. बहीण आहे माझी." स्पॅनिशमध्ये आल्मा म्हणजे खरंच आत्मा.

तेवढ्यात खाली पाणी पोचलं आणि वरची हाक ऐकलेल्या गावातल्या बायकाही ओरडल्या, "आल्मा! आल्मा!" सगळं गावच ओरडतंय म्हटल्यावर शिपाई काय करणार? पोटभर पाणी प्यायले आणि चालते झाले म्हणे. लुबना मटकन खाली बसली, रडता रडता हसू लागली. त्या संध्याकाळी ती इनेसच्या घरी जेवली आणि पुढे गावातच म्हातारी झाली.

आजही वसंतात पाट सोडतात, तेव्हा पाणी ज्याला पहिल्यांदा दिसेल तो "आल्मा!" म्हणून हाक देतो. अर्थ विचारला तर कुणी पाणी सांगतं, कुणी आत्मा. मातेओ मात्र म्हणतात, "आधी ओंजळभर प्या, मग विचारा."