धुवणाचा उंबरा

तांबळी गावच्या देवळाकडून समुद्राच्या बाजूला उतरू लागलं, की वाटेच्या कडेला एक काळा दगडी उंबरा दिसतो. घर नाही, भिंत नाही, छप्पर नाही, नुसता उंबरा. मधोमध खोलगट झिजलेला आणि त्यावर पांढुरकं किटण चढलेलं. नवखं माणूस तो सहज ओलांडायला जातं, तर कुणीतरी हटकतंच, "बाजूने या हं." मग देवळाच्या ओट्यावरचे इंत्रूबाबा त्याला जवळ बोलावून बसवतात. ही हकिकत सांगायचा मान सध्या त्यांच्याकडे आहे. त्यांच्या वाडवडिलांपासून ती अशी सांगतात:

फार मागची गोष्ट. तेव्हा तांबळीत दोन आळ्या होत्या. माडआळीची माणसं माडावर चढून ताडी काढायची, मीठआळीची माणसं मिठागरात राबायची. देव एक, देऊळ एक, पण विहिरी दोन. उत्तम शुक्रवारी क्रुसावरून उतरवलेल्या प्रभूची मूर्ती लाकडी डोलीत निजवून गावातून नेत. त्या डोलीला पुढचा खांदा कुणी द्यायचा, यावरून दरसाल बाचाबाची ठरलेली. मेलेल्या देवाला उचलायला जिवंत माणसं एकमेकांच्या उरावर बसायची म्हणे.

माडआळीत ब्रिजित नावाची बाई राहत होती. नवरा समुद्राने नेलेला, पदरात एकुलता एक कायतान. लहानपणी तो तापाने फणफणला, त्याने डोळे फिरवले, तेव्हा तिने नवस केला, "प्रभू, हा जगला, तर वयात आल्यावर तुझी डोली ह्याच्या खांद्यावरून निघेल." पोर जगलं. ब्रिजित मोठी भाविक. उपवासकाळात ती मासळीला शिवत नसे, सकाळची प्रार्थना चुकवत नसे. कोनाड्यात पवित्र पाण्याची लहानशी बाटली होती, तिला खरकटा हात कधी लागला नाही. मीठआळीच्या बाईने दारात येऊन घोटभर पाणी मागितलं, तर मात्र ती उंबऱ्यातूनच म्हणायची, "पुढच्या घरी जा." त्यात काही वावगं आहे, असं तिच्या ध्यानीमनी आलं नाही.

मग एका वर्षी कायतानला मिसरूड फुटलं. उत्तम शुक्रवारी तो घरातून निघाला, तेव्हा ब्रिजितने बजावलं, "पुढचा दांडा सोडायचा नाही. मीठआळीतलं कुणी फिरकता कामा नये."

"आणि फिरकलं तर, आय?"

"खांदा काय नुसता डोलीलाच लावायचा असतो?"

तो हसत गेला. ब्रिजित पेजेचे तांदूळ परातीत घेऊन धुवायला बसली. मिरवणूक संपली, की पेजेवर उपास सुटायचा.

तिकडे डोली देवळाबाहेर आली. मीठआळीचा जुजे, कायतानच्याच वयाचा, पुढच्या दांड्याला हात घालायला आला. कायतानने आईचे शब्द आठवले आणि खांद्याने त्याला असं रेटलं, की तो तोंडावर आपटला. जुजे उठला तो पताकेचा बांबू उपटूनच. पहिलाच तडाखा कायतानच्या उजव्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मिरवणुकीच्या गाण्यातूनही ऐकू गेला म्हणतात.

मग काय विचारता! ताडी काढणाऱ्यांच्या कमरेचे कोयते बाहेर आले. मीठआळीने कुंपणाचे खुंट उपसले. कुणाचा कान उडाला, कुणाची बोटं, कुणाचा डोळा खुंटाच्या टोकावर फुटला. एक म्हातारा "अरे, शुक्रवार आहे रे!" म्हणून मध्ये पडला, त्याचंच डोकं नारळासारखं उकललं. डोली वाळूत टाकून दिलेली. प्रभूची मूर्ती कुशीवर कलंडली, आणि माणसं तिला ओलांडून एकमेकांना तोडत राहिली.

जुजेच्या मानेपासून डाव्या खांद्यावर कोयता उतरला होता. तो जिवाच्या आकांताने पळाला आणि जे दार उघडं दिसलं त्यात शिरला. ते ब्रिजितचं दार. तेवढ्यात वाटेवरून बायका ओरडत गेल्या, "जुजेने कायतानला मारला गं!"

ब्रिजितने वरवंटा उचलला. पायाशी पडलेल्या त्या डोक्यावर तो घालायला तिचे दोन्ही हात वर गेले. जुजे पुटपुटला, "माय, पाणी." आणि त्याने डोळे फिरवले. तापात कायतानने फिरवले होते, अगदी तसेच.

वरवंटा तिच्या मागे जमिनीवर पडला. तिने कोनाड्याकडे पाहिलं. बाटलीत चूळभर पाणी, आणि रक्त तर घरभर झालेलं. गुडघ्याशी परातीत तांदळाचं पांढरं धुवण होतं. तिने लुगड्याचा काठ फाडला, धुवणात बुचकळला आणि जखम धुवायला घेतली.

एवढ्यात तिचा दीर मिंगेल कोयता परजत दारात आला. मागे अख्खी आळी.

"वयनी, बाजूला हो."

"पेज व्हायची आहे अजून. बस."

"थट्टा करतेस? तुझ्या पोराचा खांदा मोडलाय त्याने!"

"म्हणजे जिवंत आहे माझा कायतान?"

"जिवंत आहे, पण तुझा नवस बुडाला. सरक!"

ती सरकली नाही. परात मांडीशी ओढून उंबऱ्यात आडवी बसली. मिंगेलने तिच्या डोक्यावरून जुजेवर कोयता टाकला. तिने हात आडवा केला. मनगटापासून तुटलेला तो हात परातीत पडला, आणि पांढरं धुवण लाल झालं.

ब्रिजित ओरडली नाही म्हणे. उरलेल्या हाताने तिने परात दिराकडे सरकवली. म्हणाली, "मिंगेल, यात त्याचं रक्त आहे आणि माझंही. तांदूळ निवडतात तसं आपल्या आळीचं तेवढं निवडून काढ, आणि मग त्याला घेऊन जा."

मिंगेलने परातीत पाहिलं. कोयता हातातून गळला. त्याने डोक्याचं फडकं सोडलं आणि रडत रडत वहिनीचं मनगट आवळून बांधलं.

फादर धावत आले. घर शुद्ध करायला त्यांनी कोनाड्यातली बाटली घेतली, तर ब्रिजित म्हणाली, "ती असू द्या, फादर. हे परातीतलं उंबऱ्यावर ओता. इथूनच मी माणसं परत पाठवत होते."

डोली वाळूतच होती. उचलायला कुणी धजेना. शेवटी कायतान पुढे झाला. त्याचा उजवा खांदा मोडलेला, डावा शाबूत. जुजे भिंतीला धरून उठला आणि डोलीपर्यंत आला. त्याचा डावा खांदा चिरलेला, उजवा शाबूत. दोघांत मिळून खांद्यांची एक जोडी झाली, आणि तिच्यावर प्रभूची डोली निघाली. ब्रिजितचा नवस असा फिटला.

पुढे ती पुष्कळ जगली. एका हाताने तांदूळ धुवायची, आणि परात धरायला जुजेची आई यायची. दोघी चुलीपाशी बसून गावभरच्या गप्पा मारायच्या. कालांतराने वादळात घर गेलं, उंबरा राहिला.

आजही उत्तम शुक्रवारी तांबळीत कुणी तांदळाचं धुवण मोरीत टाकत नाही. घरोघरच्या बायका ते तांब्यात घेऊन येतात आणि उंबऱ्यावर ओततात. पुढच्या दांड्याला एक खांदा माडआळीचा, एक मीठआळीचा. डोली तिथे घटकाभर टेकते. पाहुण्यांपैकी कुणीतरी हमखास विचारतं, "इथे पवित्र पाणी नाही का शिंपडत?" इंत्रूबाबा ओल्या दगडाकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "मग हे काय आहे?"

आणि आजही तांबळीत दारी आलेल्या तहानेल्याला कुणी "पुढच्या घरी जा" म्हणत नाही.