उंबऱ्यातलं शेपूट

“...मग कापूच द्यायचं का, बाबा? तुम्ही नुसतं हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा.”

कोंडीबाबा उन्हात बसून गुडघ्याला तेल चोळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“काय कापायचं?”

“शेपूट. बुक्क्याचं. सकाळपासून तेच तर सांगतोय.”

“तुझं न्हाई ना? मग तू एवढा रडकुंडीला का आलायस?”

अच्युत रडकुंडीला आला होता हे मात्र खरं. टेकडीवरच्या या दत्ताच्या मठात कोंडीबाबांचा शिष्य म्हणून येण्याआधी तो साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता. काट्यावरचा माणूस, इकडचं तिकडे झालेलं त्याला खपत नसे. मठात आला आणि त्याने तोच काटा सोवळ्याला लावला. धोतर काठीने वाळत घालायचं, काठीनेच काढायचं. पूजेच्या वेळी त्याच्या वाऱ्यालाही कुणी उभं राहायचं नाही. बाबांपेक्षा आपलं सोवळं कडक आहे, असं त्याला मनातून वाटायचं. बोलून दाखवत नसे एवढंच.

बुक्का हा मठातला कुत्रा. काळाकुट्ट, लांबट, आणि शेपूट म्हणजे वेताची छडी.

दत्ताच्या पायाशी कुत्री असतात, म्हणून इथे नैवेद्यानंतरची पहिली भाकरी कुत्र्याची. ती दिल्याशिवाय बाबासुद्धा तोंडात काही घालत नसत. घास देणाऱ्याने सोवळ्यात राहायचं, मागच्या दारात उंबऱ्याच्या आत उभं राहायचं आणि कुत्र्याला हाक मारायची. सोवळ्यात उंबरा ओलांडायचा नाही. असा जुना नियम होता, आणि अच्युत आल्यापासून तो कधी चुकला नव्हता.

त्या बुक्क्याच्या शेपटीचं टोक चिरलं होतं. कशाने, कुणालाच कळत नव्हतं.

तालुक्याहून गुरांचे डॉक्टर शिकलगार येऊन गेले होते. भला माणूस. मिठाच्या कोमट पाण्याने कसं धुवायचं, मलम किती लावायचं, पट्टी सैल कशी बांधायची, सगळं त्यांनी अच्युतला करून दाखवलं. अच्युतने ते जसंच्या तसं उचललं. पूजा, नैवेद्य, घास आटोपला की धोतर सोडून बुक्क्याची मलमपट्टी करायची आणि मग पुन्हा अंघोळ. सेवाही झाली आणि सोवळंही राहिलं.

पण रोज दुपारी पाहावं तर पट्टी गळालेली आणि जखम पुन्हा उघडी.

काल डॉक्टरांनी टोक हातात धरून मान हलवली होती. “गुरुवारी येतो. तोवर खपली धरली तर ठीक. नाहीतर टोक काढावं लागेल. वर सरकलं तर सगळंच जाईल.”

“बाबा, मी कुठं कमी पडतोय?” अच्युत म्हणाला. “डॉक्टर म्हणाले तसं सगळं करतो. वर बुक्क्यासाठी वेगळी माळ ओढतो.”

“रगत कुठं पडतं?”

“कुठं म्हणजे... मागच्या दारात. पण मी लगेच पुसून घेतो. चौकटीवर थेंब राहू देत नाही, बाबा. कुणाला दिसायलाही नको.”

बाबांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली.

“उद्या पुसू नको.”

दुसऱ्या दिवशी अच्युतने हाक मारली तसा बुक्का धावत आला. मागचं दार अरुंद, दगडी चौकटीचं, भिंती चांगल्या हातभर जाड. देणारा आत उभा, म्हणून बुक्का त्या दोन दगडांच्या मध्ये येऊन उभा राहिला. भाकरी दिसली, त्याहून अच्युत दिसला, आणि शेपूट सुटलं. धप इकडच्या दगडावर, धप तिकडच्या दगडावर.

हा आवाज अच्युत रोज ऐकत होता. खरं सांगायचं तर तो त्याला आवडायचा.

बुक्का भाकरी घेऊन गेला. अच्युतने फडकं उचललं, मग आठवलं, आणि ते खाली ठेवलं.

दोन्ही दगडांवर गुडघ्याएवढ्या उंचीवर तांबडे फराटे उमटले होते. मध्ये उंबऱ्यावर पट्टी पडली होती.

त्याने पट्टीकडे पाहिलं, मग दोन्ही दगडांकडे. मग तसाच सोवळ्यात आतल्या वाटेने बाबांपाशी गेला.

“बाबा, त्याला आनंद होतो म्हणून लागतंय.”

“हं.”

“म्हणजे... माझ्यामुळं.”

“हं.”

“मग मी त्याच्यासमोर जातच नाही.”

बाबा गप्प राहिले. गुरू गप्प बसला की आपल्याला हवं तेच तो म्हणाला असं शिष्य धरून चालतात. अच्युतनेही तेच धरलं.

त्याने नवा कार्यक्रम आखला. भाकरी उंबऱ्यावर ठेवायची आणि हाक न मारता आत निघून जायचं. मलमपट्टी करताना तोंड फिरवून बसायचं, बोलायचं नाही, डोक्यावर हात ठेवायचा नाही. बुक्का मान वळवून त्याच्याकडे पाहायचा. अच्युत विहिरीकडे बघत बसायचा. जड जात होतं, नाही असं नाही. पण त्या जड जाण्याचाही त्याला थोडा अभिमान वाटत होता. माया तोडणं म्हणतात ते हेच असावं!

आणि गुण आला की! पट्टी जागेवर राहिली. जखमेने पातळशी खपली धरली. अच्युत जवळजवळ पळतच बाबांकडे आला.

“बाबा, वाळायला लागलं! उद्या गुरुवार. डॉक्टरांना हत्यार बाहेर काढायचं काम नाही आता.”

“बरं झालं. कुत्रं कुठाय?”

“असेल की... चिंचेखाली.”

“जाऊन बघितलंस?”

अच्युत गेला. बुक्का चिंचेखाली पडून होता. शेपूट पोटाशी दुमडलेलं. उंबऱ्यावरून आणलेली कालची भाकरी तशीच समोर, तिला मुंग्या लागलेल्या, आणि परवाची तिच्याशेजारी. अच्युतची चाहूल लागली तसे त्याने डोळे उघडले, आणि हा माणूस आता आपल्याशी बोलत नाही हे आठवल्यासारखे पुन्हा मिटून घेतले.

 त्या मिटल्या डोळ्यांनी अच्युतला जितकी लाज वाटली तितकी आजवर कुणाच्या रागावण्याने वाटली नव्हती.

तो परत आला. बाबांसमोर बसला. 

“खात नाहीये, बाबा.”

“शेपूट?”

“शेपूट बरं आहे.”

“आन् कुत्रं?”



“समोर जावं तर शेपूट जातं. न जावं तर कुत्रंच जाईल,” अच्युत म्हणाला.  “सांगा ना काहीतरी! दोन्हीकडून मीच मारतोय त्याला.”

बाबा उठले. काठी घेतली. “नैवेद्य झाला का?”

“व्हायचाय.”

“मग कर जा.”

नैवेद्य झाला. अच्युत भाकरी घेऊन मागच्या दाराशी आला, तर बाबा बाहेर मोकळ्या अंगणात, भर उन्हात, मातीत मांडी घालून बसले होते. त्यांच्या चहूबाजूंना काही नव्हतं. भिंत नव्हती, झाड नव्हतं, साधा दगडही नव्हता.

“इकडं ये.”

अच्युतने खाली पाहिलं. पायापुढे उंबरा होता.

“बाबा, मी सोवळ्यात आहे.”

“दिसतंय मला. ये.”

“नियम आहे ना, बाबा... घास आतूनच द्यायचा.”

 बाबांनी शेजारच्या जमिनीवर हाताने दोनदा थोपटलं, जशी आई मुलाला बसायला जागा दाखवते.

अच्युत थांबला. चिंचेखाली काळं काहीतरी पडलं होतं. ते इकडे बघतसुद्धा नव्हतं.

त्याने उंबरा ओलांडला.

पायाला तापलेली माती लागली. तो अंगणाच्या मधोमध आला.

“मार हाक,” बाबा म्हणाले.

“बुक्क्या...”

पहिल्या हाकेला नुसता कान हलला.

“बुक्क्या! अरे ये ना रे...”

कुत्रा उठला. आधी अविश्वासाने, मग पळत, मग वेड्यासारखा. शेपूट सुटलं, डावीकडे, उजवीकडे, गोल, आणि कुठेच काही आपटलं नाही. नुसती हवा. अच्युत श्वास रोखून त्या टोकाकडे बघत राहिला. बुक्क्याने त्याला बघायला तरी कुठे दिलं? पुढचे दोन्ही पाय सरळ त्याच्या छातीवर. अच्युत मागे तोल जाऊन मातीत बसला, आणि बुक्का त्याची हनुवटी, कान, नाक, मिळेल ते चाटू लागला. अच्युत हसत होता. डोळ्यांतून पाणी येत होतं तेही पुसायला त्याचा हात मोकळा नव्हता, कारण एका हाताने त्याने भाकरी उंच धरून ठेवली होती.

बाबांनी हात लांब केला आणि ते नाचणारं शेपूट हलकेच पकडलं. टोकाशी डोळे नेऊन पाहिलं.

“कोरडी हाय पट्टी.”

अच्युतच्या छातीतून एवढा मोठा श्वास सुटला की बुक्कासुद्धा क्षणभर थांबला.

(दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले, अंगणातच बसले, खपली पाहिली, चहा घेतला आणि पिशवी न उघडता गेले. शेपूट आजही अख्खं आहे. ज्यांना तेवढीच काळजी लागून राहिली असेल, त्यांनी इथे उठायला हरकत नाही.)

थोड्या वेळाने अच्युत भानावर आला. त्याने स्वतःकडे पाहिलं. काठीने वाळत घातलेल्या, कुणाचा वाराही न लागलेल्या धोतरावर मातीचे पंजे उमटले होते. उपरणं कुत्र्याच्या पायाखाली. गळ्यापर्यंत लाळ. हातातली भाकरी अजून तशीच उंच.

त्याचा चेहरा उतरला.

“बाबा,” तो हळूच म्हणाला, “सोवळं मोडलं.”

बाबांनी शेपूट सोडून दिलं.

“मोडलं ना? आता दे घास.”