सड्याखालचा आवाज

एकदा एका शिष्याच्या नावावर ध्यानीमनी नसताना मोठी जमीन आली. त्याचे नाव अच्युत. कोकणातल्या एका लहानशा पाठशाळेत तो वृद्ध शास्त्रीबुवांजवळ बारा वर्षे शिकत होता. त्याचे निपुत्रिक चुलते वारले आणि गावामागचा सगळा सडा त्याच्याकडे आला. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा सपाट, काळा कातळ. हा ओलांडायला अर्धा दिवस लागे आणि वाटेत सावलीला एक झाड नसे.

महिन्याभरात बांधकामाच्या चिऱ्यांचा एक व्यापारी पाठशाळेत आला. त्याला सड्यावर खाण काढायची होती आणि मागाल ती किंमत द्यायची त्याची तयारी होती.

अच्युत गुरूंना म्हणाला, "गुरुजी, मला त्या जमिनीचा मोह नाही. विकतो आणि येईल ते पाठशाळेला अर्पण करतो. विद्यार्थी गळक्या छपराखाली राहतात, त्यांना पक्की इमारत होईल."

त्या इमारतीची शास्त्रीबुवा चाळीस वर्षे वाट पाहत होते. तरी त्यांनी एवढेच विचारले, "तू सड्यावर गेला आहेस कधी?"

"लहानपणी एकदा, काकांबरोबर. बघण्यासारखं काही नाही तिथे."

"उद्या मला घेऊन चल."

वैशाखाचे दिवस होते. ऐंशी वर्षांचे शास्त्रीबुवा काठी टेकत, दहा ठिकाणी थांबत वर पोहोचले तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. वहाणांतूनही कातळ भाजत होता. बराच वेळ इकडेतिकडे शोधून ते वीतभर रुंदीच्या एका भेगेपाशी थांबले, उपरणे अंथरून पालथे निजले आणि भेगेला कान लावून त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ ते हलले नाहीत. त्यांना ऊन लागले की काय, या भीतीने अच्युत खाली वाकला. त्यांनी हातानेच त्याला गप्प केले. मग ते बाजूला सरकले.

"आता तू."

अच्युत निजला. आधी त्याला स्वतःच्या छातीचे ठोके तेवढे ऐकू आले. मग त्यांच्याही खालून, फार खोलवरून, पाण्याचा आवाज आला. अंधारात एखादी नदी संथ चालली असावी तसा. भेगेतून गार वारा त्याच्या गालाला लागत होता. सात महिन्यांत आभाळातून थेंब पडला नव्हता, आणि या तापलेल्या दगडाखालून एवढे पाणी, कोणाच्या नजरेस न पडता, आपल्या वाटेने निघाले होते. त्याच्या अंगावर काटा आला. उठायचे त्याला भानच राहिले नाही.

"तरुणपणी एका गुराख्याने मला इथे असंच निजवलं होतं," शास्त्रीबुवा म्हणाले. "हे गेल्या पावसाचं पाणी. कातळ ते पोटात ठेवतो आणि वर्षभर सोडत राहतो. खालच्या सात वाड्यांचे झरे, आपली विहीर, सगळं इथूनच. खाण झाली की ही वाट तुटेल. पण विकू नको म्हणायला मी तुला आणलं नाही. तू म्हणालास, मोह नाही. बाबा, तुझी या जमिनीशी ओळखच नव्हती, मग मोह कुठून असणार? न पाहिलेली वस्तू देऊन टाकणं याला त्याग म्हणत नाहीत. आज ओळख झाली. आता ठरव."

अच्युत उठून बसला. मग हलकेच म्हणाला, "आणि इमारत?"

"गळेल तिथे भांडी ठेवू. आजवर ठेवलीच की."

तिसऱ्या दिवशी व्यापारी कागद घेऊन आला. अच्युतने नकार दिला, तेव्हा तो दर वाढवू लागला.

"दराचा प्रश्न नाही," अच्युत म्हणाला. "मी काय विकायला निघालो होतो, ते मलाच ठाऊक नव्हतं. आता थोडं कळलंय. ते माझ्या एकट्याचं नाही."

"सातबाऱ्यावर तर तुमचंच नाव आहे."

"हो, नाव माझं आहे."

तो हे इतक्या शांतपणे म्हणाला, की व्यापाऱ्याने कागदांची घडी घातली.

जमिनीच्या कागदावर क्षेत्र लिहिलेले असते, चतुःसीमा लिहिलेल्या असतात. तिच्या पोटातून काय वाहते, ते लिहायला तिथे रकाना नसतो.