वाटदोरीच्या गाठी

खूप खूप वर्षांपूर्वी, राजेसुद्धा सायकलवरून शिकारीला जात त्या काळी, एका राज्यात एक कासारीण राहत होती. सायकलच्या मागे बांगड्यांची पेटी बांधून ती गावोगाव फिरायची. तिची थोरली बहीण मात्र राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, डोंगरापलीकडे दिली होती.

एके दिवशी बहिणीचा निरोप आला, "माझी नजर चाललीय. ज्वारी काढेपर्यंत दिसेल, असं वैद्य म्हणतात. त्याआधी एकदा तुझं तोंड बघू दे."

कासारणीने लगेच तयारी सुरू केली. त्या राज्यात लांबच्या प्रवासाला निघणारे लोक वाटदोरी करत. वाटेत जिथे जिथे पाणी, तिथे तिथे दोरीला एक गाठ. तिने गाडीवानांना विचारलं, धनगरांना विचारलं, आणि आठ दिवसांत एकतीस गाठींची दोरी तयार केली.

पण राज्यात एक मार्गमंडळ होतं. दोरी आधी तिथे दाखवायची, मंडळाचा लाखेचा शिक्का घ्यायचा, मगच वेशी उघडायच्या. आणि या मंडळातला एकही जण कधी सायकलवर बसलेला नव्हता! लोडाला टेकून ते दुसऱ्यांच्या वाटा तपासत.

त्यांनी दोरी ठेवून घेतली. आज या, उद्या या करता करता ज्वारी निघाली, खळी झाली, ऊन तापायला लागलं. कासारीण रोज मंडळाच्या दारात जाऊन बसायची आणि मनातल्या मनात जळायची. अखेर दोरी परत मिळाली, तर तिला जेमतेम नऊ गाठी.

"बाकीच्या कुठे गेल्या?" तिने विचारलं.

"सोडल्या," मंडळाचा प्रमुख म्हणाला. "एकतीस ठिकाणी थांबायचं म्हणजे प्रवास की आळस? शेजारच्या राज्यात आपलं हसं होईल. आता बघा बाई, कशी सुटसुटीत दिसते."

कासारणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच राजासमोर जाऊन उभी राहिली.

"महाराज, यांनी माझ्या वाटेवरच्या बावीस विहिरी बुजवल्या. या नऊ गाठींवर आधी यांनी जाऊन दाखवावं. मागून मी निघते."

राजाला ते पटलं. तशीच नऊ गाठींची दोरी गळ्यात अडकवून, सायकलवरून पडत, ढोपरं फोडून घेत प्रमुख पुढे निघाला. मागून कासारीण निघाली. सोडलेल्या गाठींच्या जागा तिच्या बोटांना पाठ होत्या. विहीर आली की ती पाणी प्यायची, गाठ पुन्हा मारायची आणि पायडल मारायला लागायची.

सहाव्या दिवशी माळावर, एका बाभळीखाली, तिला प्रमुख आडवा पडलेला दिसला. ओठ फुटले होते, जीभ टाळ्याला चिकटली होती. विहीर तिथून दोनशे पावलांवर, टेकाडामागे होती. तिने पाणी आणून त्याला पाजलं. तो उठून बसला, तशी तिने आपली दोरी त्याच्या हातात दिली.

"इथली गाठ तुम्ही सोडलीत. आता तुम्हीच मारा."

प्रमुखाने मान खाली घालून कशीबशी गाठ मारली.

पुढे कित्येक दिवसांनी कासारीण बहिणीच्या दारात पोचली. बहीण उंबऱ्यावर बसली होती. सायकलचा आवाज ऐकून तिने मान वळवली, पण नजर भलतीकडेच राहिली.

"उशीर केलास गं," एवढंच ती म्हणाली.

कासारणीने वाटदोरी बहिणीच्या हातात ठेवली. बहिणीची बोटं एकेक गाठ चाचपत गेली आणि एका गाठीवर थांबली.

"ही तुझ्या हातची नाही."

"नाही ताई. ज्याने सोडली होती, त्याच्याकडून बांधून घेतली."

"त्याला दिसत नव्हतं का?"

"चांगलं दिसत होतं."

"मग सोडली कशी?"

पुढे ही हकिकत राजाच्या कानावर गेली. त्याने प्रमुखाचा शिक्का काढून घेतला आणि वाट न तुडवलेल्या माणसाने कुणाच्या दोरीला हात लावायचा नाही, असा हुकूम काढला. हुकूम चांगलाच होता, पण त्याने बहिणीची नजर काही परत आली नाही.

तात्पर्य: ज्याला त्या वाटेने जायचं नाही, त्याने दुसऱ्याच्या वाटेवरचं पाणी पुसू नये.