चांदीच्या तुकड्याची कड

“पण हे नाणं पोर्तुगीजच कशावरून?”

हाईम मास्तरांनी शांतपणे विचारलं. शाल्मलीला तो प्रश्नच आवडला नाही.

रेवदंड्याला पोर्तुगिजांचा किल्ला, आणि चांदीवर क्रूस. आणखी काय हवं? तिनं तसं बोलूनही दाखवलं.

समोर बाकावर निराबाई कोळीण बसली होती. ओहोटीला खडकांवरची कालवं काढताना तिला हा नखाएवढा काळपट तुकडा सापडला होता.

जुनं नाणं सापडलं की गावातली माणसं मास्तरांचंच दार गाठत. पण गेल्या दोन वर्षांत मास्तरांची नजर विझत आली होती. आता नुसता उजेड कळायचा. शाल्मली सहा वर्षं त्यांच्या हाताखाली शिकलेली. हल्ली उत्तरं तीच द्यायची, आणि भिंगाला हातही न लावता.

“क्रुसाच्या चार हातांमधल्या खणांत काय आहे?” मास्तरांनी विचारलं.

तिनं नाइलाजानं भिंग उचललं. एका खणात किल्ला होता. शेजारच्या खणात... मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह.

तिचे कान तापले. किल्ला आणि सिंह, म्हणजे स्पेनचा राजा. मास्तरांनी हे पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

आपण चुकलो, असं तिनं निराबाईला सांगितलं. हे नाणं स्पेनचं, सातासमुद्रापलीकडच्या खाणीतल्या चांदीचं. निराबाईला त्यात कुणाची चूक दिसलीच नाही. एवढ्या लांबून आलं आणि नेमकं आपल्या हाताला लागलं, यातच ती हरखून गेली.

शाल्मलीचं मात्र समाधान होईना. तुकड्यावर ना साल, ना टाकसाळीचं अक्षर.

“मोडकं आहे, सर. बाकीचं हरवलं.”

मास्तरांनी हात पुढे केला. तुकडा चिमटीत धरून फिरवला. मग तिचं बोट धरून एका कडेवर टेकवलं.

कड सरळ होती. अगदी सरळ...

निराबाईनंही बोट लावून पाहिलं.

“मोडलेलं नाय ताई, कापलंय. शेजारची होडी रिकामी आली का त्यांना वाटा द्यायला आम्ही सुरमई कापतो ना, तसं.”

मास्तर हसले. सुटी चांदी हाताशी नसली की लोक अशी नाणी छिन्नीनं कापून पुढच्याला देत, एवढंच त्यांनी सांगितलं.

 शाल्मलीचं बोट अजून त्या कडेवरच होतं. ती मास्तरांच्या विझलेल्या डोळ्यांकडे बघत राहिली.



“पण सर...” तिनं विचारलं. “ज्याचं होतं, त्याचं तर तेवढं गेलंच ना?”

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली आणि चाचपत भिंग तिच्याकडे सरकवलं.

“गेलं नाही,” ते म्हणाले. “पोचलं.”